वॅफलची माफी

१४ सप्टेंबर

ही वही टर्की उत्पादकांच्या संघटनेने दिली. अध्यक्षाने आपल्या वर्षाच्या नोंदी ठेवाव्यात आणि वर्ष संपलं की वही कार्यालयात जमा करावी, अशी प्रथा आहे म्हणे. पुठ्ठ्यावर सोनेरी टर्की छापलाय. त्याला तीन पाय दिसतात.

तर नोंद. यंदाचा अध्यक्ष मी, व्हर्लिन टोस्ट्रुड, मुक्काम एल्स्बी, मिनेसोटा. अध्यक्षाच्या फार्मवरचा टर्की थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दोन दिवस आधी वॉशिंग्टनला जातो. तिथे राष्ट्राध्यक्ष त्याच्यावर हात धरतात आणि त्याला माफी देतात. बाकीचे कोट्यवधी त्याच आठवड्यात ओव्हनमध्ये जातात. लोक याला हसतात. मी हसत नाही. माझ्या आजोबांपासून आम्ही टर्की वाढवतोय आणि आजवर एकाही पक्ष्याला कुणी सोडलेलं नाही.

पन्नास पिल्लं वेगळी काढली आहेत. त्यांना गर्दीची, कॅमेऱ्यांची, लख्ख दिव्यांची सवय लावायची. पक्ष्यांच्या कोठीत दिवसभर रेडिओ चालू असतो. मी अधूनमधून टेबलावर एकेकाला उभं करून भाषण करतो. मार्लिस रोज सकाळी दहा मिनिटं त्यांच्यासमोर टाळ्या वाजवते.

"लग्नाला चौतीस वर्षं झाली," काल ती म्हणाली, "तुझ्यासाठी एकदा तरी वाजवल्यात का रे मी?"

मी आठवून पाहिलं. नाही वाजवल्या.

२१ सप्टेंबर

गेलेनला भेटून आलो. गाडीने दोन तास. माझा धाकटा भाऊ, वय चोपन्न, कंबरेतून लंगडतो, आणि गेली दोन वर्षं केंद्र सरकारच्या तुरुंगात आहे. अजून चार बाकी आहेत.

संघटनेच्या वहीत हे लिहावं की नाही, कळेना. पण लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. बर्ड फ्लू आला त्या वर्षी आमच्या फार्मवर सरकारी शिक्का बसला. एकही पक्षी बाहेर न्यायचा नाही, सगळे वीस हजार मारायचे. त्यातले तीनशे धडधाकट आम्ही, म्हणजे गेलेनने, ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडे साउथ डकोटात चुलतभावाकडे पोहोचवले. सोबत जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला होता, पक्षी निरोगी असल्याचा. सही खोटी निघाली. पक्षीही निरोगी नव्हते. तिथल्या पाच फार्मांवरचे दोन लाख मारावे लागले.

तर आज मी शिक्षा माफीचा अर्ज घेऊन गेलो होतो. अकरा पानं. मी सगळा सुवाच्य अक्षरात भरला होता. फक्त सहाव्या चौकटीत त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं होतं: 'गुन्हा आपल्या शब्दांत सांगा व जबाबदारी स्वीकारा.' गेलेनने अर्ज चाळला, सही केली आणि तेवढी चौकट कोरी ठेवली.

"हे मला नाही लिहिता यायचं," म्हणाला.

"कोर्टात तर उभं राहून म्हणालास की!"

"म्हणालो. लिहिलं कुठे? लिहिण्यात तुझा हात चांगला, व्हर्लिन."

त्याला लहानपणापासून थट्टेची सवय आहे. जाताना म्हणाला की जानेवारीत त्याला टेक्सासच्या तुरुंगात हलवणार आहेत. टेक्सासला आम्ही काही महिन्यातून दोनदा जाऊ शकणार नाही. वर्षातून एकदा गेलो तरी पुष्कळ. एका चौकटीसाठी एवढा हट्ट! अर्ज तसाच पोस्टात टाकला.

१२ ऑक्टोबर

पन्नासांतून दोघे निवडले. एक मुख्य, दुसरा राखीव, मुख्याला काही झालं तर. शाळेतल्या मुलांनी देशभरातून मतं देऊन नावं ठेवली: वॅफल आणि सिरप. वॅफल मुख्य. वीस किलोच्या वर गेलाय आणि टेबलावर ठेवला की नगराध्यक्षांसारखा छाती काढून उभा राहतो. रेडिओवर जाहिरात लागली तरी पापणी हलत नाही. सिरप घाबरट आहे. टाळ्या ऐकल्या की शेपूट मिटतो.

मला एक युक्ती सुचली आहे. समारंभात मी वॅफलच्या शेजारी उभा असणार. राष्ट्राध्यक्ष माझ्याशी हात मिळवणार. गेलेनच्या अर्जाची नक्कल कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची आणि योग्य क्षणी पुढे करायची. मार्लिसला सांगितलं.

"आणि सहावी चौकट?" तिने विचारलं.

"ती कोण बघतंय त्या गडबडीत!"

ती बराच वेळ भांडं घासत राहिली. भांडं स्वच्छच होतं.

२० ऑक्टोबर

वॉशिंग्टनहून मिस क्विलन नावाच्या बाई तपासणीला आल्या. पायात पांढरे बूट. आमच्या कोठीत पांढरे बूट!

मार्लिसने विचारलं, "कॉफी घेणार?" तर बाई म्हणाल्या, "हो, घेईन की." पहिल्याच फटक्यात! मार्लिसचा हात किटलीवरच थांबला. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की 'नको नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगीच' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुला त्रास होणार नसेल तर' म्हणून कप पुढे करायचा. चर्चच्या तळघरात शंभर माणसांना कॉफी द्यायची तर तास जातो, पण कुणी हावरट ठरत नाही. वॉशिंग्टनची माणसं उपाशीच वाढलेली असणार.

बाईंनी वॅफलचे नऊ फोटो काढले, उंची घेतली, स्वभाव कसा आहे, पूर्वी कुणाला चावलाय का, घराण्यात काही आजार आहे का, सगळं लिहून घेतलं. मी आपला तयारीत होतो. गेलेनबद्दल विचारलं तर काय सांगायचं, ते पाठ केलं होतं.

"आणि तुमच्याबद्दल, मिस्टर टोस्ट्रुड," त्या म्हणाल्या.

"विचारा."

"सूट गडद रंगाचा आहे ना?"

"निळा आहे."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि वही मिटली.

४ नोव्हेंबर

डॉक्टर सॅदर वॅफल आणि सिरपचं रक्त तपासून दाखले देऊन गेले. हेच ते डॉक्टर, त्यांचीच सही तेव्हा खोटी निघाली होती. पण मनाने मोठा माणूस, जुनं काही उकरत नाही. आज मात्र दाखला लिहिता लिहिता मध्येच थांबले.

"गेलेनचं एक कोडं मला सुटत नाही बघ," म्हणाले. "त्या पोराला शाळेपासून स्वतःची सही धड जमली नाही. माझी इतकी हुबेहूब कशी काढली असेल?"

"सरावाने जमतं," मी म्हणालो.

डॉक्टरांची सही अजून तशीच आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली जाऊन परत वर वळते. ती शेपटी दिसते तेवढी सोपी नाही. मनगट अगदी सैल सोडावं लागतं, श्वास धरून ठेवला की फसते. दाखला चांगला झाला. फायलीत लावला.

१६ नोव्हेंबर

टीव्हीवर सकाळपासून एकच विषय. राष्ट्राध्यक्षांनी कॉनरॅड व्हाइटलॉ नावाच्या माणसाला माफी दिली. याचे अडीचशे वृद्धाश्रम होते. हिवाळ्यात हीटर बंद ठेवून म्हाताऱ्यांना दोन दोन टोप्या घालायला लावायचा आणि सरकारकडून हीटरचा खर्च मात्र वसूल करायचा. बारा वर्षांची शिक्षा होती, सात महिने भोगली. एक पक्ष म्हणतो लाज वाटली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, तुमच्या वेळेला तुम्ही कुणाकुणाला सोडलंत ती यादी काढू का? मग दोघेही याद्या काढून वाचत बसले. दोन्ही याद्या लांबलचक होत्या.

चर्चमध्येही तेच. पाद्री म्हणाले, माफी ही मागणाऱ्याच्या लायकीवर नसते, देणाऱ्याच्या मनावर असते. मला ते पटलं. मार्लिस म्हणाली, "पण आधी मागावी तर लागते ना?" पाद्र्यांनी तिला आणखी एक केकचा तुकडा दिला.

२३ नोव्हेंबर, वॉशिंग्टन

विमानाने आलो. मी आणि मार्लिस मागे, पक्षी त्यांच्या खास गाडीतून दोन दिवस आधीच निघाले होते. हॉटेल इतकं भारी आहे की मला दाराची कडी सापडेना. वॅफल आणि सिरपला आमच्यापेक्षा मोठी खोली आहे. गालिच्यावर प्लास्टिक आणि त्यावर लाकडाचा भुसा. मी खाली गेलो तेव्हा वॅफल खिडकीतून शहराकडे बघत होता आणि एक पोऱ्या नव्हे, चांगला टाय लावलेला गृहस्थ, त्याच्यासाठी वाटीत पाणी भरत होता. माझ्या खोलीतला नळ गळतो. दोनदा सांगितलं.

२४ नोव्हेंबर, वॉशिंग्टन

सकाळी लिफ्टमध्ये कोण भेटावं? व्हाइटलॉ! याच हॉटेलात उतरलाय, आभार मानायला आलाय. गुलाबी, हसरा माणूस. मी टर्कीवाला म्हणताच मला मिठीच मारली.

"अरे वा! म्हणजे तुमचा पक्षी आणि मी एकाच महिन्यातले की! एक फोटो हवा मला त्याच्याबरोबर."

नाही कसं म्हणायचं? त्याला खाली नेलं. वॅफलजवळ गुडघ्यावर बसून त्याने अंगठा वर केला. वॅफलने त्याच्या बुटावर जे करायचं ते केलं. तरी व्हाइटलॉ हसतच होता. हा माणूस कशानेच खट्टू होत नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, पण हेवा वाटला. खरं तेच लिहितोय.

मी त्याला गेलेनचं सांगितलं. अर्ज, अकरा पानं, चौकट.

"कसला अर्ज?" तो म्हणाला. "मी तर अर्ज पाहिलासुद्धा नाही! मित्रा, कागद विसर. उद्या ते तुला विचारतील, काय करू तुमच्यासाठी. सगळ्यांना विचारतात. तेव्हा सरळ सांगून टाक. फक्त लक्षात ठेव, ते एकदाच विचारतात."

"एकदाच?" मी म्हणालो.

"मोठा माणूस आहे. वेळ कुठे असतो?"

मार्लिसला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ताच सराव कर. मी विचारते. काय करू तुमच्यासाठी?" आणि माझ्या तोंडून आपोआप 'नको नको' निघालं. आम्ही पुन्हा केलं. तीन वेळा मी 'नको नको' म्हणालो, चौथ्या वेळी जमलं. मार्लिसने टाळ्या वाजवल्या.

२५ नोव्हेंबर, वॉशिंग्टन

झालं.

हिरवळीवर ऊन होतं. वॅफल टेबलावर, मी शेजारी निळ्या सुटात, अर्ज खिशात. कॅमेरे दोनशे तरी असतील. वॅफलने छाती काढली, मान वळवून डावी बाजू दाखवली, मग उजवी. रेडिओ वाया गेला नाही. राष्ट्राध्यक्षांनी दोन विनोद केले, मग गंभीर चेहरा केला, वॅफलच्या डोक्यावर हात धरला आणि म्हणाले, "मी तुला पूर्ण आणि बिनशर्त माफी देत आहे."

आणि मला रडू फुटलं. कशाने ते कळलं नाही. बारीक नव्हे, चांगलं हमसून. त्यांचा हात वॅफलवर होता, पण बाही माझ्या खांद्याला टेकत होती. 'पूर्ण' म्हणाले तेव्हा मी टेबलाला धरलं. तसाच उभा राहिलो. एक बातमीदार बाई म्हणताना ऐकू आली, "बघा, किती जीव लावलाय पक्ष्याला!"

मग राष्ट्राध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. थेट डोळ्यांत बघितलं. "सुंदर पक्षी आहे. मी तुमच्यासाठी काय करू शकतो, सांगा."

"नको नको," मी म्हणालो, "काही नको, साहेब. सगळं छान आहे."

"वा!" ते म्हणाले आणि सिरपकडे वळले.

मी थांबलो. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. हात अर्जावर ठेवूनच उभा होतो. ते सिरपला माफी देऊन आत निघून गेले, बँड वाजला, टेबल उचललं, तरी मी तिथेच. शेवटी मिस क्विलन आल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर टोस्ट्रुड, तुमचं संपलं."

मार्लिस आणि मी गाडीत बसलो. मी म्हणालो, सवय जाता जात नाही. ती म्हणाली, "सवयच होती का ती?"

२९ नोव्हेंबर

गेलेनकडे गेलो. तुरुंगात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं म्हणे. वॅफलला माफी मिळाली तेव्हा अख्खी बराक उभी राहून ओरडली. एका दरोडेखोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तूही रडलास," गेलेन म्हणाला.

"ऊन होतं डोळ्यांवर."

"मला क्षणभर वाटलं, त्यांनी हात तुझ्यावरच धरलाय." तो हसला नाही. म्हणाला, "बरं वाटलं मला बघून. खरंच."

तेव्हा मी त्याच्याशी एक गोष्ट बोललो. काय, ते इथे लिहीत नाही, ही वही संघटनेची आहे. 'मी असं असं करू का,' म्हणून विचारलं. गेलेन म्हणाला, "नको." मी पुन्हा विचारलं. "कशाला उगीच," म्हणाला. तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. माणसाच्या नकाराचा मान ठेवायला हवा. परतताना मन बरंच हलकं वाटलं. रस्त्यात थांबून ॲपल पाय खाल्ला.

९ डिसेंबर

टपालाने एकदम दोन पाकिटं आली. दोन्ही वॉशिंग्टनची.

पहिलं जाड, पांढरंशुभ्र, उठावदार शिक्क्याचं. वॅफल गेला. समारंभानंतर दोघांना विद्यापीठाच्या फार्मवर ठेवलं होतं; तिथे त्याला उबदार खोली होती, दिमतीला दोन विद्यार्थी होते, पण हे पक्षी वजनासाठीच वाढवलेले. हृदय बंद पडलं. माफीनंतर बारा दिवस जगला. 'आपल्या दुःखात राष्ट्र सहभागी आहे,' असं लिहिलंय आणि खाली शाईची सही आहे. सही चांगली आहे, पण फार अवघड नाही.

दुसरं पातळ, खाकी. गेलेनचा अर्ज परत. वर रबरी शिक्का: 'अपूर्ण. चौकट सहा कोरी.'

दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. मार्लिसने वाचली आणि विचारलं, "त्या दिवशी तू गेलेनला काय विचारलंस ते मला माहीत आहे. किती वेळा विचारलंस?"

"दोनदा."

"दोनदा," ती म्हणाली. माझ्या कपात तिने न विचारता कॉफी ओतली. इतक्या वर्षांत प्रथमच. मला ती पिववेना.

१० डिसेंबर

वही संघटनेची असो नाहीतर आणखी कुणाची, मी लिहिणार.

सही मी केली. त्या वर्षी, सकाळी, स्वयंपाकघरातल्या याच टेबलावर. जुन्या दाखल्यांवर कागद ठेवून चाळीस वेळा गिरवली आणि एकेचाळिसाव्या वेळी जमली. वीस हजार मारायचे तर निदान तीनशे तरी वाचवू, एवढंच डोक्यात होतं. मलाही कुणाला तरी सोडावंसं वाटलं. गेलेनला दाखला खरा वाटला. तो नुसता ट्रक चालवत गेला.

तपासनीस अंगणात गाडी लावत होते तेव्हा तो या दारात उभा होता. म्हणाला, "तुझ्यामागे मार्लिस आहे, फार्म आहे. मी एकटा. मी केलं म्हणून सांगतो." मी म्हणालो, नको नको. तो म्हणाला, अरे सांगतो मी. मी म्हणालो, कशाला उगीच. तोवर ते पायऱ्या चढत होते. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. आणि मी म्हणालो, "बरं, तुला त्रास होणार नसेल तर."

असं म्हणालो मी. सहा वर्षांच्या तुरुंगासाठी. एक कप कॉफी घ्यावी तसं.

१३ डिसेंबर

निळा सूट घातला. मार्लिस सोबत आली, पण गाडीतच बसली.

गेलेन समोर येऊन बसला. त्याला वॅफलचं कळलं होतं. "बिचारा," म्हणाला, "आणि सिरप?" सिरप मजेत आहे, म्हणालो. हात मांडीखाली दाबले.

मग परत आलेला अर्ज टेबलावर ठेवला. सहावी चौकट मी भरली होती. माझ्या शब्दांत, माझ्या अक्षरात, खाली माझी स्वतःची सही. ती इतकी वेडीवाकडी आली की खोटी वाटावी. म्हणालो, "इथून निघालो की सरळ वकिलाकडे जाणार आहे. मी सांगतो सगळं. सांगू ना?"

गेलेन त्या चौकटीकडे बघत राहिला. दोन नकार तो आधीच देऊन बसला होता, आणि आम्हा दोघांनाही ते पाठ होते. पहारेकरी घड्याळाकडे बघत होता. मी घंटेची वाट पाहत नव्हतो, हे देवाला माहीत आहे.

गेलेनने नाक ओढलं, बाहीने डोळे पुसले आणि अर्ज अलगद माझ्याकडे सरकवला.

"बरं," तो म्हणाला. "तुला त्रास होणार नसेल तर."